अंग

तिसऱ्या खेपेलाही पातळच.
इनास लोपीसनं ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला,
एक घोट घेतला
आणि वसईकराच्या सगळ्या सभ्यपणानं म्हणाला,
"चव आहे रे. पण अंग नाही."

अंग नाही.
मागल्या शुक्रवारी वृंदाही फोनवर हेच म्हणाली,
बिअरबद्दल नव्हे :
अंगानं उतरलास.
मी कॅमेरा पंख्याकडे फिरवला.

सित्रामधली खोली, दुसरा मजला.
न्हाणीघरात वीस लिटरचा पिंप,
त्याच्या कमरेला ओला टॉवेल, समोर टेबलफॅन,
कारण बाहेर त्रेचाळीस आणि यीस्टला हवेत बावीस.
अंघोळीला आम्ही शेजारच्या खोलीत जातो.
जिन्यात वास दरवळतो तेव्हा नातूर विचारतो, काय शिजतंय?
इडलीचं पीठ, मी सांगतो.
गेले चार महिने तो इडलीची वाट बघतोय.

गहू बन्सी, ताईनं बार्शीहून धाडलेला.
तिला वाटतं मी लापशी करून खातो.
जव मेंढ्यांच्या खाद्याच्या दुकानातून.
दुकानदारानं विचारलं, किती मेंढ्या?
दोन, म्हणालो.
अगदीच खोटं नव्हतं ते.

मटकीला आणतात तसेच मोड आणले,
पंचावर पसरून, तीन वेळा पाणी शिंपडून,
मग गच्चीवर टाकले : दोन दुपारींत कडकडीत.
इथल्या उन्हाचा
एवढा एकच उपयोग मला आजवर सापडला.
हॉप्सच्या गोळ्या एका जर्मन इंजिनिअरनं
देश सोडताना दिल्या, चहाच्या डब्यात भरून,
जसं कुणी जाताना तुळशीची कुंडी देऊन जातं.

पहिल्या खेपेला गहू कमी पडला म्हणून वाढवला.
दुसऱ्या खेपेला मूठमूठ ओट घातले.
तिसऱ्या खेपेला कच्चा गहू भरडून, शिजवून.
तरी तोंडात ठेवली की
पाहुण्यासारखी, टेकली न टेकली, निघाली.

शेवटी ताईला विचारलं, आडून :
कुरडईचा चीक दाट कसा येतो गं?
ती म्हणाली, गव्हाला नावं ठेवू नकोस.
आच बघ आधी.

आच.
मी रिफायनरीत तापमापक तपासणारा माणूस.
चौदा वर्षं. टॉवरच्या पोटातला
अर्ध्या अंशाचा फरक मी कागदावर पकडून देतो, सही करतो.
आणि घरातला, मनामाच्या बाजारातला,
पातेल्याच्या काठाला अडकवायचा,
तो कधी बुडवूनसुद्धा पाहिला नव्हता.
बर्फाच्या पाण्यात धरला : चार.
उकळत्यात : एकशे चार.

म्हणजे सदुसष्ट समजून मी
तिन्ही वेळा त्रेसष्टवर गहू मुरवत होतो.
इनासला समजावलं, पातेल्याकडे बोट करत :
कमी आचेला गव्हातलं बहुतेक सगळं सुटं होतं,
गोड, बारीक, यीस्टच्या तोंडात मावेल असं,
आणि ते फस्त करून टाकतं.
आच चार-पाच अंशांनी चढवली
की काही साखळ्या तुटायच्या राहतात.
जे खाऊन संपत नाही
त्याचंच अंग होतं.
इनास म्हणाला, लिहून ठेव.
हाताशी पगाराची पावती होती,
तिच्या पाठीमागे लिहिलं.

चौथी खेप काल उघडली.
गढूळ, पिकल्या केळ्याच्या वासाची,
फेस असा बसला की उठायचं नाव नाही,
इनासच्या मिशीवर तर मुक्कामालाच राहिला.
तो काही बोलेना.
अरे, बोल की.
त्यानं हात वर केला :
थांब. तोंडात आहे अजून.

रात्री वृंदाचा फोन.
म्हटलं, मी उतरलेलो नाही,
तुझा फोन चार किलो कमी दाखवतो,
तपासून घे.
ती हसली नाही.
पाठवलेले पोचले, म्हणाली, सगळे.
मग दोघंही जरा गप्प.
न्हाणीघरात टेबलफॅन चालूच राहिला होता,
रिकाम्या पिंपासमोर.